फिलिपिन्सचे प्रादेशिक पॉडकास्ट कसे शोधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनिलाच्या पलीकडचं फिलिपिन्स ऐकायची इच्छा असलेल्या मराठी श्रोत्यांसाठी हे पान आहे. कुणी बोटीवर फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर महिनोन्‌महिने राहतं, कुणी दावाओला डॉक्टरकी शिकायला गेलेलं असतं, कुणी आखातातल्या इस्पितळात फिलिपिनो नर्सेसच्या बरोबरीने काम करतं, तर कुणाला नुसतीच दूरदेशच्या गोष्टींची ओढ असते. या सगळ्यांना पडणारे प्रश्न पुढे घेतले आहेत.

'फिलिपिनो पॉडकास्ट' असं शोधलं की सगळं मनिलाचंच का येतं?

कारण तुम्ही शोधताय तो शब्दच मनिलाकडे नेतो. 'फिलिपिनो' हे तिथल्या राष्ट्रभाषेचं नाव आहे आणि तिचा पाया तगालोग. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी तगालोगला राष्ट्रभाषेचा आधार म्हणून जाहीर केलं. पुढे १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनो आणि इंग्रजी अधिकृत भाषा ठरल्या. बाकीच्या भाषांना आपापल्या प्रदेशापुरता सहायक अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. जाहिरातींचा पैसा, मोठे स्टुडिओ, पुमापॉडकास्ट किंवा पॉडकास्ट नेटवर्क एशियासारख्या कंपन्या, सगळं राजधानीच्या परिसरात एकवटलेलं आहे. लोकप्रियतेच्या यादीत वर दिसणारे कार्यक्रम त्यामुळे तगालोगमध्ये किंवा तगालोग-इंग्रजीच्या मिश्रणात असतात. त्यांत वाईट काही नाही. 'बरांगाय लव्ह स्टोरीज'सारखा प्रेमपत्रांचा कार्यक्रम लाखो लोक मनापासून ऐकतात. पण 'इंडियन पॉडकास्ट' असं शोधून मालवणी गप्पा हाती लागतील का? तसंच हे आहे.

मग 'प्रादेशिक' म्हणजे कोणत्या भाषा धरायच्या?

देशात ७,६४१ बेटं आहेत आणि भाषा शंभराच्या कितीतरी वर. २०२० च्या जनगणनेत घरात कोणती भाषा बोलता हे विचारलं होतं. शंभरातली सुमारे ४० कुटुंबं तगालोग बोलतात. त्यानंतर बिसाया १६, हिलिगायनॉन आणि इलोकानो प्रत्येकी ७ च्या आसपास, सेबुआनो साडेसहा, बिकोल जवळजवळ ४, वाराय आणि कपंपांगन अडीचच्या आगेमागे.

या आकड्यांतली एक गोष्ट शोधणाऱ्याने नीट लक्षात ठेवावी. 'बिसाया' आणि 'सेबुआनो' या बहुतांशी एकाच भाषेच्या दोन पाट्या आहेत. सेबू बेटावरचा माणूस सेबुआनो म्हणेल, दक्षिणेकडच्या मिंडानाओतला तीच भाषा बोलत स्वतःला बिसाया म्हणवेल. जनगणनेने लोकांनी सांगितलं तसं लिहून घेतलं, म्हणून त्या वेगळ्या दिसतात. एकच नाव घालून शोधलंत तर अर्धे कार्यक्रम नजरेआड राहतील. 'बिनिसाया' आणि 'बिसदाक' हे शब्दही वापरून पाहा. दुसरा शब्द तरुण मंडळी आपल्या बिसायापणाचा अभिमान सांगायला वापरतात.

शोधताना नेमकं काय टाइप करायचं?

भाषेचं नाव आणि गावाचं नाव एकत्र. 'सेबुआनो सेबू', 'बिसाया दावाओ', 'बिसाया कागायान दे ओरो', 'हिलिगायनॉन इलोइलो', 'हिलिगायनॉन बाकोलोद', 'इलोकानो लावाग', 'बिकोल नागा', 'वाराय ताक्लोबान', 'चाबाकानो साम्बोआंगा'. शहराचं नाव घातलं की यंत्र तुम्हाला आपोआप राजधानीकडे ढकलत नाही.

यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे त्या भाषेत 'गोष्ट' किंवा 'बातमी' याला जे म्हणतात ते शोधणं. कार्यक्रम करणारा आपल्या माणसांसाठी शीर्षक लिहितो, तेव्हा तो 'पॉडकास्ट' लिहीलच असं नाही. सेबुआनो आणि हिलिगायनॉनमध्ये गोष्टीला सुगिलानोन म्हणतात, गप्पांना इस्तोर्या. इलोकानोत गोष्ट म्हणजे सारिता आणि बातमी म्हणजे दामाग. बिकोलमध्ये उसिपोन, वारायमध्ये सुसुमातोन. हे शब्द रोमन लिपीत उच्चाराप्रमाणेच लिहायचे. फिलिपिनी भाषांचं लेखन बरंच उच्चारानुसारी आहे, त्यामुळे अडचण येत नाही. क साठी 'के' वापरा. मात्र भाषांची नावं स्पॅनिश वळणाचीही असतात, म्हणून इलोकानो आणि बिकोल 'के'ने आणि 'सी'ने असे दोन्ही प्रकारे शोधा. सेबुआनो तर 'सी'नेच सुरू होतं आणि तिथे 'सी'चा उच्चार स होतो.

ॲपल पॉडकास्ट्समध्ये देश बदलून फिलिपिन्सची क्रमवारी पाहता येते, पण तिचा उपयोग मर्यादित. पहिल्या पानावर पुन्हा मनिलाच. एक प्रादेशिक कार्यक्रम सापडला की त्याच्या पाहुण्यांची नावं टिपून ती शोधत जाणं जास्त फळतं. इलोइलोतला कवी, दुमागेतेतली नाटकवाली, बाकोलोदचा स्वयंपाकी यांनी एका ठिकाणी मुलाखत दिलेली असते, तशी आणखी दोन-तीन ठिकाणी दिलेली असते.

स्पॉटिफायवर फारच थोडं सापडतं. बाकीचं कुठे आहे?

फेसबुकवर आणि यूट्यूबवर. तिथल्या छोट्या शहरांत कार्यक्रम करणाऱ्यांचा श्रोता फेसबुकवर आहे, म्हणून तेही तिथेच थेट प्रक्षेपण करतात आणि नंतर चित्रफीत पानावर तशीच राहते. त्याला कुणी पॉडकास्ट म्हणो वा न म्हणो, दोन माणसं तासभर नीट बोलताहेत आणि ते तुम्हाला हवं तेव्हा ऐकता येतंय, एवढं पुरेसं आहे.

रेडिओचा या सगळ्याशी काय संबंध?

सगळ्यात जवळचा. फिलिपिन्सच्या प्रादेशिक भाषांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या रेडिओने जपला आणि आज पॉडकास्ट म्हणून जे ऐकायला मिळतं त्यातला मोठा वाटा रेडिओच्याच मुशीतून आलेला आहे. रेडिओ मिंडानाओ नेटवर्क १९५२ मध्ये कागायान दे ओरो शहरात सुरू झालं. बोंबो राद्यो इलोइलोतून वाढलं आणि आज त्याची केंद्रं वेगवेगळ्या प्रांतांत आपापल्या भाषेत बोलतात. सेबू आणि दावाओच्या केंद्रांवर बिसाया, इलोइलोत हिलिगायनॉन, उत्तरेकडे इलोकानो.

शोधायला फार सोपी अशी एक खूण रेडिओने देऊन ठेवली आहे. फिलिपिन्समधल्या केंद्रांची सांकेतिक नावं 'डी'ने सुरू होतात आणि दुसरं अक्षर प्रदेश सांगतं. 'डीझेड' किंवा 'डीडब्ल्यू' म्हणजे साधारणपणे उत्तरेकडचं लुझॉन, 'डीवाय' म्हणजे मधली विसायास बेटं, 'डीएक्स' म्हणजे दक्षिणेकडचं मिंडानाओ. सेबूचं डीवायएचपी आणि कागायान दे ओरोचं डीएक्ससीसी ही नावं एकदा वाचली की लक्षात राहतात. एखाद्या चित्रफितीच्या कोपऱ्यात ही अक्षरं दिसली, की ती कोणत्या बेटसमूहातून आली हे तुम्हाला भाषा न कळताही समजतं.

दुसरी एक घडामोड इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे बरेच लोक रेडिओ-टीव्ही सोडून स्वतःच्या पानांवर आले. ५ मे २०२० रोजी एबीएस-सीबीएन या देशातल्या मोठ्या प्रसारण कंपनीला परवाना संपल्यावर प्रक्षेपण थांबवायला सांगण्यात आलं. जुलैमध्ये संसदेच्या समितीने नवा परवाना नाकारला. मनिलाचे कार्यक्रम इंटरनेटवर आणि इतर वाहिन्यांवर कसेबसे तगले. प्रांतोप्रांतीच्या भाषांतली 'टीव्ही पॅट्रोल' ही बातमीपत्रं मात्र २८ ऑगस्ट २०२० रोजी बंद झाली ती झालीच. वादळ कुठे आलंय, बोट सुटणार की नाही, हे आपल्या भाषेत ऐकायची सवय असलेल्या माणसांच्या घरातला तो आवाज गेला. मला ही गोष्ट आजही लागते. आता जीएमए या वाहिनीच्या प्रादेशिक विभागाचं सेबूचं 'बालितांग बिसदाक' सेबुआनोत चालतं आणि त्याचे भाग यूट्यूबवर मिळतात. शिकणाऱ्यासाठी ते उत्तम, कारण बोलणं स्पष्ट आणि वर चित्र.

ऐकताना ही नेमकी कोणती भाषा आहे हे कसं ओळखायचं?

पहिलं मिनिट लक्ष देऊन ऐका. बहुतेक कार्यक्रम अभिवादनाने सुरू होतात आणि तिथेच उलगडा होतो. 'मागांदांग उमागा' ऐकलंत तर तगालोग. 'मायोंग बुंताग' असेल तर सेबुआनो, 'मायोंग आगा' असेल तर हिलिगायनॉन. 'माउपाय न्गा आगा' हे वाराय, 'मार्हाय ना आगा' बिकोल, 'नैंबाग अ बिगात' इलोकानो आणि 'मायाप अ आबाक' कपंपांगन. सगळ्यांचा अर्थ शुभ सकाळ.

अभिवादन हुकलं तर बारीक शब्दांकडे कान द्या. वाक्यावाक्याला 'पो' येत असेल तर बहुधा तगालोग. आदर दाखवायचा तो शब्द सेबुआनोत नाही. कपंपांगनमध्ये तोच 'पु' होतो. 'ग्युद', 'बिताव' आणि अडखळलं की 'कुआन' म्हणणारा माणूस बिसाया. 'गिद' आणि 'बाला' ऐकू आलं, आणि सूर हेलकावे घेत चाललेला असला, तर तो इलोंगो, म्हणजे हिलिगायनॉन बोलणारा. इलोंगो माणूस रागावला तरी लाडात बोलतोय असं वाटतं, असं बाकीचे फिलिपिनो नेहमी म्हणतात.

सेबूच्या एखाद्या केंद्राची सकाळ ऐका. निवेदक घाईत असतो, मागे ढोल-ताशासारखं संगीत, मध्येच कोंबड्याचा आवाज. तो वेळ सांगतो, 'आलास सियेते सा बुंताग', सकाळचे सात. पुढे मासळीचे भाव. वेळ आणि पैसे सांगताना फिलिपिनो माणसं हमखास स्पॅनिश आकडे वापरतात. ती तीनशे वर्षांच्या स्पॅनिश राजवटीची खूण. उनो, दोस, त्रेस ते बेंते, म्हणजे एक, दोन, तीन ते वीस, एवढं पाठ केलंत तर पहिल्याच दिवशी या धबडग्यातून वेळ आणि भाव तुमच्या कानाला लागतील. मग 'बाय' ही मित्राला मारायची हाक, 'दोंग' आणि 'दाय' ही धाकट्या मुलामुलीला मारायची हाक, असं एकेक सुटं होत जातं.

सुरुवात कोणत्या भाषेपासून करावी?

तुमचं काम काय आहे त्यावर ठरवा.

दावाओत शिकणाऱ्या मुलांनी बिसायाच धरावी, दुसरा विचार करू नये. वर्ग इंग्रजीत चालतो, पण वॉर्डात खाटेवरचा रुग्ण बिसायात सांगतो की कुठे दुखतंय. पाठ्यपुस्तकातली तगालोग तिथे पुरत नाही. आरोग्यावरचे स्थानिक रेडिओ कार्यक्रम, ज्यात डॉक्टर श्रोत्यांच्या फोनला उत्तरं देतात, ते या मुलांसाठी सोन्यासारखे आहेत: रोगाची लोकांच्या तोंडची नावं, दुखण्याचं वर्णन करायची त्यांची पद्धत, सगळं एका जागी.

मर्चंट नेव्हीतल्यांनी आधी सहकाऱ्याला गाव विचारावं. पनाय बेटावरचा इलोइलो प्रांत खलाशांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे तुमच्या बोटीवर हिलिगायनॉन बोलणारा कुणी असण्याची शक्यता बरीच. तो कोणता कार्यक्रम ऐकतो हे विचारा. घरापासून लांब असलेली माणसं आपल्या भाषेतलं काय ऐकतात, ही माझ्या माहितीतली सगळ्यात भरवशाची शिफारस.

नुसतं कानाला गोड हवं असेल तर हिलिगायनॉन. आणि भरपूर साहित्य, भरपूर पर्याय हवे असतील तर पुन्हा सेबुआनो.

भाषा अजिबात येत नाही. तरी ऐकून काही हाती लागेल?

लागेल, पण मिश्र भाषेपासून सुरुवात करा. 'स्कायपॉडकास्ट' हा क्रिझ उय आणि स्लेटर यंग या सेबूतल्या जोडप्याचा कार्यक्रम बराचसा इंग्रजीत आहे. संसार, मुलं, पैसा असे विषय. तो सेबूत होतो, पण सेबुआनो कार्यक्रम मात्र नव्हे, हा फरक लक्षात असू द्या. राजधानीबाहेरचं मध्यमवर्गीय घर कसं बोलतं ते त्यात कळतं. त्यानंतर अशा मुलाखती घ्या जिथे यजमान प्रश्न इंग्रजीत विचारतो आणि पाहुणा सेबुआनोत उत्तर देतो. प्रश्न कळला की उत्तराचा अर्धा अर्थ कळतो.

भुतांच्या गोष्टींचे एवढे कार्यक्रम का? ते ऐकण्यासारखे असतात का?

असतात, आणि प्रादेशिक भाषांपर्यंत पोचायचा हा सगळ्यात रुंद रस्ता आहे. रेडिओवर रात्री भयकथा सांगायची रीत तिथे जुनी. श्रोता पत्र पाठवतो, निवेदक ते वाचतो, मागे दाराचा करकर आवाज, समुद्र, कुत्र्याचं रडणं. आता पत्राच्या जागी फेसबुकवरचा संदेश आला, एवढाच फरक.

गोष्ट जितकी प्रादेशिक तितकी चांगली, हे मी ठामपणे सांगेन. मनिलाच्या कार्यक्रमांत आस्वांग, म्हणजे माणसं खाणारी चेटकीण, येते ती सगळीकडे सारखीच, लांब जिभेची. पनायमधला कापिझ प्रांत आस्वांगचा प्रांत म्हणून देशभर बदनाम आहे आणि तिथली माणसं जेव्हा स्वतः हा विषय काढतात तेव्हा त्यात शेजाऱ्यावरचा संशय, जमिनीचे तंटे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला गावाने दिलेला त्रास, हे सगळं येतं. विसायासमधला सिगबिन हा प्राणी उलटा चालतो, डोकं मागच्या पायांच्या मध्ये घालून. त्याच्या गोष्टी सेबुआनोत सांगणारा माणूस आवाज बारीक करून त्याची चाल वर्णन करतो तेव्हा अंगावर काटा येतो. सिकिहोर बेटावर मानानांबाल म्हणजे झाडपाल्याचे वैदू आहेत. पवित्र सप्ताहात ते बांदिलान डोंगरावर जमून औषधं बनवतात. या बेटाला बाहेरचे लोक चेटकाचं बेट म्हणून घाबरतात, पण तिथलेच वैदू बोलताना ऐका. बोलणं मुळ्यांचं, सालींचं आणि प्रार्थनेचं असतं.

सेबूतल्या आर्गाओची मारिया काकाओ मला फार आवडते. लांतोय डोंगरात राहणारी ही बाई पूर आला की सोन्याच्या जहाजातून नदीने खाली येते, आपला कोको विकायला निघते, आणि जहाजाच्या डोलकाठीने वाटेतला पूल मोडतो. पावसाळ्यात पूल वाहून गेला की म्हातारी माणसं तिचं नाव घेतात. सेबुआनोतल्या गप्पांत ही गोष्ट निघाली तर ऐकणं सोडू नका, प्रत्येक जण तिच्यात आपल्या गावचा पूल घालतो.

साहित्य आणि इतिहास ऐकायचा असेल तर?

इथे पॉडकास्टच्या नावांमागे न लागता संस्थांमागे लागा. सेबूतल्या सान कार्लोस विद्यापीठात १९७५ पासून सेबुआनो अभ्यास केंद्र आहे. आंजेलेस शहरातल्या होली एंजल विद्यापीठात कपंपांगन अभ्यास केंद्र आहे. अशा केंद्रांची व्याख्यानं आणि चर्चा रेकॉर्ड होऊन त्यांच्या पानांवर येतात. पनायच्या बाजूला लेखिका जेनेविव आसेंहो यांनी उभं केलेलं बालाय सुगिदानुन, म्हणजे गोष्टींचं घर, आहे. किनाराय-आ ही पनायची दुसरी भाषा आणि हिलिगायनॉन यांतलं लेखन ऐकायचं असेल तर तिथून सुरुवात करा. लेखकांची नावं हवी असतील तर जुनी साप्ताहिकं मदतीला येतात: 'बिसाया' १९३० सालचं, इलोकानोतलं 'बान्नावाग' आणि 'हिलिगायनॉन' १९३४ चं. त्यांत छापून आलेल्या कथाकारांची नावं घेऊन शोधलंत की मुलाखती सापडतात.

महाकाव्यांचं ऐकणं हा वेगळा आनंद. पनायच्या डोंगरातलं हिनिलावोद मानववंशशास्त्रज्ञ लांदा होकानो यांनी १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रित केलं. लानाओ सरोवराकाठच्या मारानाओ लोकांचं दारांगेन १७ खंडांचं, ७२,००० ओळींचं आहे. ते आणि उत्तरेकडच्या डोंगरातल्या इफुगाओ लोकांचं हुदहुद ही दोन्ही २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. कुणी हे गाताना सापडलं तर आधी अर्थ शोधू नका. आधी पूर्ण ऐका.

मिंडानाओतल्या मुस्लिम समाजाच्या भाषा आणि चाबाकानो यांत काय मिळतं?

मारानाओ, मागिंदानाओ आणि तौसुग भाषांत धार्मिक प्रवचनं भरपूर मिळतात, गप्पांचे कार्यक्रम कमी. २०१७ मध्ये मरावी शहर पाच महिन्यांच्या लढाईत उद्ध्वस्त झालं. त्यावरचं देशभर ऐकलं गेलेलं बहुतेक कथन तगालोग आणि इंग्रजीत आहे. म्हणून मारानाओ माणसाने मारानाओत सांगितलेली घर सोडल्याची हकीकत कुठे मिळाली, तर ती जपून ठेवावी अशी.

चाबाकानो ही साम्बोआंगा शहराची स्पॅनिशपासून तयार झालेली मिश्र भाषा. गोव्यातल्या ज्यांना पोर्तुगीज थोडीफार येते, त्यांना ती पहिल्या ऐकण्यातच ओळखीची वाटेल.

वारायमध्ये काही खास?

समार आणि लेते बेटांची ही भाषा. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी योलांदा चक्रीवादळाने ताक्लोबान आणि गीवान उद्ध्वस्त केलं. वीज नाही, फोन नाही. अशा वेळी गीवानमध्ये मदत संस्थेच्या साहाय्याने राद्यो बाकदाव नावाचं तात्पुरतं केंद्र उभं राहिलं आणि लोकांना तांदूळ कुठे मिळतोय, डॉक्टर कुठे बसलाय, हे सांगू लागलं. वारायमधल्या मुलाखतींत वादळाचा विषय आजही निघतो. तो निघाला की कार्यक्रमाचा वेग बदलतो, माणसं सावकाश बोलतात.

प्रादेशिक बातम्यांच्या कार्यक्रमांवर किती विसंबावं?

कार्यक्रम कोणाचा आहे हे पाहून. फिलिपिन्समध्ये केंद्राकडून वेळ विकत घेऊन कार्यक्रम करायची पद्धत सर्रास आहे, तिला ब्लॉकटायमिंग म्हणतात. राजकारणी, व्यापारी, धर्मगुरू कुणीही वेळ घेऊ शकतो. निवडणुकीच्या आसपास एखादा निवेदक एकाच महापौराचं कौतुक करत असेल तर त्यामागे हे असू शकतं. एकाच घटनेवर दोन केंद्रं ऐकावीत.

पण याच माणसांचं धैर्यही ओळखावं. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी मिसामिस ऑक्सिडेंटल प्रांतातल्या कालांबा गावी हुआन हुमालोन हे निवेदक घरातल्या स्टुडिओतून फेसबुकवर थेट बोलत होते. श्रोता म्हणून आलेल्या माणसाने आत शिरून त्यांना गोळ्या घातल्या. छोट्या गावात माइकसमोर बसून नावं घेणं तिथे जिवावर बेतू शकतं. हे माहीत झालं की स्थानिक बातम्या आपण वेगळ्या कानाने ऐकतो.

फिलिपिन्सबाहेर राहणाऱ्यांचे कार्यक्रम कसे असतात?

इलोकानोसाठी हवाईकडे नक्की बघा. १९०६ मध्ये उसाच्या मळ्यांत काम करायला पहिले १५ फिलिपिनो मजूर होनोलुलूला उतरले, ते इलोकोस भागातले होते. आज हवाईतल्या फिलिपिनोंत इलोकानो मोठ्या संख्येने आहेत आणि तिथल्या मानोआच्या विद्यापीठात ही भाषा शिकवली जाते. आजीची भाषा पुन्हा शिकणाऱ्या नातवंडांचे कार्यक्रम नवशिक्यांना सोपे जातात, कारण ती स्वतःच अडखळत, अर्थ सांगत पुढे जातात. ऑस्ट्रेलियातलं एसबीएस फिलिपिनो हे प्रसारण नियमित आणि नीटनेटकं आहे, पण मुख्यतः तगालोग आणि इंग्रजीत.

चांगला कार्यक्रम कशावरून ओळखता?

पाहुणा आला की यजमान आपली भाषा सोडतो का, हे मी पाहते. मनिलाचा पाहुणा आला आणि सगळे तगालोगवर घसरले, असं बऱ्याच ठिकाणी होतं. जो यजमान आपल्या भाषेत विचारत राहतो आणि पाहुण्याला हवं त्या भाषेत बोलू देतो, त्याचं काम टिकतं. दुसरं, गावाचे तपशील. कुठल्या घाटावरून बोट सुटते, कोणत्या महिन्यात कोणती मासळी येते, सणाला काय शिजतं. तिसरं, म्हाताऱ्या माणसांना बोलू देण्याची सबुरी. आवाजाची गुणवत्ता मी शेवटी बघते. पत्र्यावर पाऊस पडत असला तरी चालेल.

चांगला सापडलेला कार्यक्रम दहा-बारा भागांनंतर बंदच पडतो. काय करावं?

असं फार होतं. करणारे नोकरी सांभाळून करतात. आवडलेले भाग लगेच डाउनलोड करून ठेवा. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा ज्यांनी आपली यादी दुसरीकडे हलवली नव्हती त्यांची वर्षानुवर्षांची निवड गेली.

भाषांतराची किंवा लेखी मजकुराची सोय आहे का?

गूगल ट्रान्सलेटमध्ये सेबुआनो २०१३ पासून आहे. इलोकानो २०२२ मध्ये आली, आपल्या कोकणीबरोबर एकाच तुकडीत. हिलिगायनॉन, वाराय, बिकोल, कपंपांगन आणि पंगासिनान २०२४ मध्ये. भागाचं वर्णन आणि खालच्या प्रतिक्रिया वाचायला एवढं पुरतं. आवाजावरून मजकूर काढण्याची गोष्ट वेगळी: व्हिस्परसारख्या साधनाच्या यादीत तगालोग आहे, सेबुआनो नाही, त्यामुळे सेबुआनो बोलणं त्यात घातलं की तगालोगसारखं दिसणारं निरर्थक काहीतरी बाहेर येतं. त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा भाग सावकाश लावा, तीन चतुर्थांश वेगाने.

मुलांसाठी काही आहे का?

गोष्टी आणि गाणी आहेत, आणि इथून पुढे त्यांची गरज वाढेल असं मला वाटतं. २०१२ पासून तिथल्या शाळांत बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवलं जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने ते सक्तीचं राहिलं नाही. त्या काळात शिक्षकांनी स्थानिक भाषांत तयार केलेल्या गोष्टी आणि रेडिओ-पाठ, विशेषतः कोविडच्या वर्षांतले, यूट्यूबवर पडून आहेत. भाषा शिकणाऱ्या मोठ्यांनाही ते चालतात: वाक्यं छोटी, उच्चार सुटे.

थेट प्रक्षेपण ऐकायचं तर वेळ कशी जुळवायची?

तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. त्यांच्या दुपारच्या बाराच्या बातम्या आपल्याकडे साडेनऊला. रात्री नऊचा भयकथांचा कार्यक्रम आपल्या संध्याकाळी साडेसहाला पडतो.

कार्यक्रम आवडला तर करणाऱ्यांना कसं कळवायचं?

फेसबुकच्या थेट प्रक्षेपणात प्रतिक्रिया लिहा, त्यांच्या भाषेतलं अभिवादन आणि आपल्या गावाचं नाव. निवेदक प्रतिक्रिया वाचून दाखवतात, श्रोत्यांची नावं घेतात, कुठून ऐकताय विचारतात. नाशिक किंवा सावंतवाडी हे नाव त्यांना नवं असतं, त्यामुळे ते थांबून विचारपूस करतात. अशा वेळी भारतातून एवढंच न लिहिता गावाचं नाव लिहा आणि तिथे मासळी कोणती मिळते तेही सांगा. सेबू, इलोइलो, ताक्लोबान सगळीकडे या विषयावर गप्पा लगेच रंगतात. शक्य असेल तर भाग आपल्या फिलिपिनो सहकाऱ्याला पाठवा. छोट्या कार्यक्रमाला एका नव्या श्रोत्याचाही उपयोग होतो, आणि तुम्हाला न कळलेला विनोद समजावून द्यायला माणूस मिळतो.